एकच फाइल, दोन एफएफटी: सिग्नलचे प्रकार कामाला येतात ते इथं

प्रश्न थोडक्यात असा आहे. इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा करून नुकतेच एका कारखान्यात मेंटेनन्सला लागलेले एक जण विचारतात: चार पोलच्या मोटरवर चालणाऱ्या पंपाला ॲक्सेलरोमीटर (कंपनाचा प्रवेग मोजणारा सेन्सर) लावून 1480 आरपीएमला रेकॉर्डिंग घेतलं. त्याच फाइलचा 1000 हर्ट्झपर्यंतचा एफएफटी (कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती कंपन आहे ते दाखवणारा आलेख) एकदा 400 लाइन्सवर, म्हणजे त्या पट्ट्याचे 400 खण पाडून, काढला, एकदा 3200 लाइन्सवर. मोटरच्या फेऱ्यांचं शिखर दोन्हीकडे सारखं आलं, पण खालचा नॉइज फ्लोअर (शिखरांखालची गोंगाटाची पातळी) दुसऱ्या आलेखात निम्म्याहून खाली गेला. सिनिअरने तेच पीएसडीत (पॉवर स्पेक्ट्रल डेन्सिटी, म्हणजे दर हर्ट्झमागची शक्ती) काढलं तर उलटंच झालं. नॉइज जागेवर राहिला आणि शिखर कितीतरी वर गेलं. खरा आलेख कोणता? आणि पुस्तकात कंटिन्युअस-डिस्क्रीट, पिरिऑडिक-अपिरिऑडिक, एनर्जी-पॉवर असे जे सिग्नलचे प्रकार पाठ केले, त्यांतल्या कोणत्या प्रकारात ही फाइल बसते?

आलेख दोन्ही खरे आहेत. आणि तुम्हाला हे दोन प्रश्न वाटत असले तरी प्रश्न एकच आहे. पुस्तकात प्रकारांच्या जोड्या ओळीने दिलेल्या असतात, त्यामुळे प्रत्येक सिग्नलचा एक ठरलेला कप्पा असतो आणि आपण तो ओळखायचा, असा समज होतो. प्रत्यक्षात प्रत्येक जोडी म्हणजे सिग्नलला विचारायचा एक वेगळा प्रश्न. एकाच फाइलला सगळे प्रश्न विचारता येतात आणि प्रत्येकाचं उत्तर स्वतंत्र येतं. तुमच्या फाइलला आधी विचारायला हवा होता तो प्रश्न असा: यातली शक्ती ठरावीक फ्रिक्वेन्सींवर एकवटली आहे, मोठ्या पट्ट्यावर पसरली आहे, की एकदा येऊन संपून गेली आहे? त्याचं उत्तर मिळेपर्यंत उभ्या अक्षावरच्या आकड्याला काहीच अर्थ नसतो.

माझं काम पंप, पंखे, गिअरबॉक्स अशा फिरत्या यंत्रांच्या कंपनांचं, त्यामुळे उदाहरणं तिथलीच देतो. ईसीजीवर किंवा मोबाइल कम्युनिकेशनवर काम करणारा माणूस हेच वेगळ्या क्रमाने सांगेल, आणि त्याच्या जागी तोही बरोबरच असेल.

आधी सोप्या जोड्या बाजूला काढू. कंटिन्युअस-डिस्क्रीट आणि ॲनालॉग-डिजिटल या दोन जोड्या बरेच जण एकच धरतात. पहिली फक्त काळाबद्दल आहे: सिग्नलला प्रत्येक क्षणी किंमत आहे, की मोजक्याच क्षणांना? दुसरीत किमतीचाही प्रश्न येतो: किंमत कोणतीही असू शकते, की ठरलेल्या पायऱ्यांपैकीच एक? म्हणजे शक्यता चार, आणि चारही तुमच्या कारखान्यातच सापडतील. सेन्सरच्या केबलमधलं व्होल्टेज दोन्ही अंगांनी अखंड असतं. व्हीएफडीतून (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हमधून) मोटरला जाणारं पीडब्ल्यूएम, म्हणजे कमी-जास्त रुंदीच्या पल्सचं, व्होल्टेज काळात अखंड, पण दोन-तीन पातळ्यांवरच उड्या मारणारं. एडीसीतल्या (ॲनालॉगचं डिजिटल करणाऱ्या सर्किटमधल्या) सॅम्पल-होल्डने पकडलेल्या किमती ठरावीक क्षणांच्या, पण अजून राउंड न झालेल्या. आणि तुमची सीएसव्ही फाइल दोन्हीकडून तुकड्यांची.

किमतीचे तुकडे पडण्याची मी फारशी काळजी करत नाही. 16 बिटच्या कार्डाला 65,536 पायऱ्या असतात. रेंज ±5 व्होल्ट धरली तर एक पायरी 0.15 मिलिव्होल्टची, आणि 100 मिलिव्होल्ट प्रति जी (1 जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतका प्रवेग) या नेहमीच्या सेन्सरसाठी ती 0.0015 जी. पंपाला हे पुरून उरतं. साखर कारखान्यातल्या मिलच्या रोलरसारखं मिनिटाला जेमतेम चार-पाच फेऱ्या घेणारं काही मोजायचं असेल तर मात्र प्रवेगच इतका बारीक असतो की पायऱ्या दिसायला लागतात.

काळाचे तुकडे पाडणं जास्त महागात पडतं. बऱ्याच ठिकाणी व्हायब्रेशनचा कच्चा सिग्नल सरळ पीएलसीच्या (कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) ॲनालॉग इनपुटला दिलेला असतो आणि पीएलसी तो दर 10 मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला 100 वेळा वाचतो. आता इंडक्शन मोटरमध्ये चुंबकीय ओढीचं कंपन मेन्सच्या दुप्पट, म्हणजे 100 हर्ट्झवर असतं. 100 हर्ट्झची लाट सेकंदाला 100 वेळा टिपली की प्रत्येक सॅम्पल लाटेच्या त्याच ठिकाणी पडतो आणि स्क्रीनवर सरळ आडवी रेघ दिसते. कंपन आहे, पण दिसत नाही. तुमच्या मोटरच्या फेऱ्या सेकंदाला 24.67. त्यांच्या चौपटीचं 98.7 हर्ट्झचं कंपन असेल तर तिथं ते 1.3 हर्ट्झच्या संथ हेलकाव्यासारखं दिसेल, आणि मग कोणीतरी फाउंडेशन हलतंय म्हणून बोल्ट तपासत बसेल. एकदा आकडे फाइलमध्ये गेले की हे एलियासिंग सॉफ्टवेअरने निस्तरता येत नाही, कारण खऱ्या 1.3 हर्ट्झचे आकडेही हुबेहूब असेच आले असते. वरच्या फ्रिक्वेन्सी गाळणारा अँटी-एलियासिंग फिल्टर एडीसीच्या आधीच हवा. व्हायब्रेशन ॲनालायझरमध्ये तो असतो. 1000 हर्ट्झपर्यंत बघायचं तर ही यंत्रं सेकंदाला 2000 ऐवजी 2560 सॅम्पल घेतात, म्हणजे फिल्टरला उतरायला जागा मिळते आणि 1024 सॅम्पलमधून नेमक्या 400 लाइन्स हाती लागतात.

आता पिरिऑडिक, म्हणजे आवर्ती सिग्नल. व्याख्येत तो अनादी काळापासून अनंत काळापर्यंत स्वतःला गिरवत राहायला हवा. असं यंत्र कोणी अजून विकत घेतलेलं नाही. आपण करतो एवढंच की रेकॉर्डिंगपुरता लोड स्थिर असेल तर सिग्नल आवर्ती धरतो. लोड हलला की स्लिप (मोटर चुंबकीय क्षेत्राच्या वेगाच्या जितकी मागे पडते तो फरक) बदलतो, स्लिपबरोबर फेऱ्या बदलतात आणि शिखर पसरट होतं. शिवाय फेऱ्यांची फ्रिक्वेन्सी आणि मेन्सची फ्रिक्वेन्सी यांचा एकमेकींशी पक्का हिशेब नसतो. दोन पोलची मोटर 2970 ला फिरत असेल तर फेऱ्यांच्या दुपटीचं कंपन 99 हर्ट्झला येतं आणि चुंबकीय कंपन 100 ला. मोटरजवळ उभं राहिलं तर सेकंदाला एकदा आवाज चढतो-उतरतो, ते याच दोघांचं भांडण. कोणतं यांत्रिक आणि कोणतं विद्युत हे ठरवल्याशिवाय दुरुस्ती ठरत नाही, आणि 400 लाइन्सवर तर हे दोघेही एकाच 2.5 हर्ट्झच्या खणात जाऊन बसतात. 3200 लाइन्सवर खण 0.31 हर्ट्झचा होतो, तेव्हा ते सुटे दिसतात.

परीक्षेत हमखास विचारतात ते इथंच सांगून टाकतो. कंटिन्युअस बाजूला कोणतीही साइन लाट आवर्तीच असते, डिस्क्रीट बाजूला तसं नाही. साइनच्या आत 1, 2, 3 असे नुसते पूर्णांक रेडियनमध्ये टाकत गेलात तर आकड्यांची ती माळ पुन्हा कधीच तशीच्या तशी सुरू होत नाही, कारण 2 पायच्या कोणत्याही पटीत पूर्णांक बसत नाही. सॅम्पलिंगच्या तुलनेत फ्रिक्वेन्सीचं गुणोत्तर परिमेय असेल तरच डिस्क्रीट साइन आवर्ती. ही नुसती पुस्तकी खोड नाही. एफएफटी हातातला तुकडा संपला की पुन्हा पहिल्यापासून तोच सुरू होतो असं धरून चालतो. तुमच्या 400 लाइन्सच्या, म्हणजे 0.4 सेकंदांच्या, तुकड्यात मोटरच्या 9.87 फेऱ्या बसतात, पूर्ण दहा नाही. सांध्यावर लाट तुटते आणि शिखराची शक्ती शेजारच्या खणांत सांडते. हॅनिंग विंडो, म्हणजे तुकड्याची दोन्ही टोकं हळूहळू शून्यावर आणणारा गुणक, लावायची ती यासाठी.

यादृच्छिक सिग्नलमध्ये पुढचा सॅम्पल किती येईल हे सांगता येत नाही. पंपात कॅव्हिटेशन (पाण्यात वाफेचे बुडबुडे होऊन फुटणं) सुरू झालं की आत खडी फिरल्यासारखा आवाज येतो, तो या जातीचा. त्याची लाट बघून काही हाती लागत नाही, पण त्याच्या किमतींच्या वर्गांची (स्क्वेअरची) सरासरी आणि ती कोणत्या पट्ट्यात किती पसरली आहे हे मोजता येतं. हे आकडे वेळेनुसार बदलत नसतील तर सिग्नल स्टेशनरी म्हणायचा. इथं एका एफएफटीवर विश्वास ठेवू नका. तुकडे एकमेकांवर न चढवता 100 तुकड्यांची सरासरी घेतली तरी पीएसडीच्या प्रत्येक बिंदूत साधारण 10 टक्के चूक राहते, आणि एकाच तुकड्यात ती 100 टक्के असते. साइनला सरासरीची एवढी गरज नसते.

आता तुमच्या दोन आलेखांकडे येऊ. 400 लाइन्स म्हणजे 0.4 सेकंदांचा तुकडा आणि 2.5 हर्ट्झचा खण. 3200 लाइन्स म्हणजे 3.2 सेकंद आणि आठपट अरुंद खण. मोटरच्या फेऱ्यांची साइन एका रेषेवर उभी आहे. खण कितीही अरुंद करा, ती पूर्णच्या पूर्ण त्यात मावते, म्हणून शिखर हललं नाही. नॉइजची शक्ती मात्र पट्टाभर पसरलेली आहे. खण आठपट अरुंद झाला की प्रत्येक खणाच्या वाट्याला शक्तीचा आठवा भाग येतो, आणि ॲम्प्लिट्यूड शक्तीच्या वर्गमुळाने जात असल्यामुळे फ्लोअर 2.8 पट खाली जातो. डेसिबलमध्ये 9. तुम्हाला दिसलं ते हेच.

सिनिअरनी पीएसडी काढला, म्हणजे प्रत्येक खणातल्या शक्तीला खणाच्या रुंदीने भागलं. नॉइजला हा भागाकार न्याय देतो: शक्ती आठपट घटली, रुंदीही आठपट घटली, आकडा जागच्या जागी. साइनची शक्ती घटलेलीच नाही, पण तिलाही आठपट लहान रुंदीने भागलं गेलं, म्हणून शिखर आठपट चढलं. तिथंही 9 डेसिबलच, फक्त उलट्या दिशेने.

यातून कामाचं निघतं ते असं. फेऱ्या, त्यांच्या पटी, गिअर मेश (गिअरचे दाते एकमेकांत बसण्याची फ्रिक्वेन्सी) अशा रेषांची उंची ॲम्प्लिट्यूड स्पेक्ट्रममध्ये वाचा, जी किंवा मिलिमीटर प्रति सेकंद या एककात. कॅव्हिटेशन, हवेचा किंवा पाण्याचा खळखळाट अशा पसरट गोष्टींची पातळी पीएसडीत वाचा, जी वर्ग प्रति हर्ट्झमध्ये. पीएसडीतल्या साइनच्या शिखराचा आकडा रिपोर्टमध्ये लिहिला तर पुढच्या वर्षी दुसऱ्याने लाइन्स बदलून मोजलं की मशीन बिघडलं किंवा सुधारलं असं वाटेल, आणि मशीनला काहीही झालेलं नसेल. असे रिपोर्ट मी बरेच बघितलेत.

तिसरी जात राहिली: एकदा येऊन विरून जाणारा सिग्नल, आमच्या भाषेत ट्रान्झिएंट. बेसफ्रेमची नैसर्गिक फ्रिक्वेन्सी शोधायला आम्ही मशीन बंद करून तिला हातोडीने ठोकतो. युनिट इम्पल्स पुस्तकात शून्य रुंदीचा आणि 1 क्षेत्रफळाचा असतो. हातोडीचा ठोका त्याचा घरगुती अवतार. 1 मिलिसेकंदाचा ठोका साधारण 1000 हर्ट्झपर्यंत फ्रेमला जागं करतो. टोकाला रबर लावलं तर ठोका लांबतो आणि वरच्या फ्रिक्वेन्सींपर्यंत पोचतच नाही, लोखंडी टोकाने उलट. या रेकॉर्डिंगवर सवयीने हॅनिंग लावू नका. हॅनिंग तुकड्याच्या सुरुवातीला शून्य असते आणि ठोका नेमका सुरुवातीलाच असतो, म्हणजे जे मोजायला गेलात तेच पुसलं जातं. इथं ठोक्याला फोर्स विंडो (ठोका ठेवून बाकीचं शून्य करणारी) आणि प्रतिसादाला एक्स्पोनेन्शियल (शेवटाकडे विरत जाणारी).

ट्रान्झिएंटचा तुकडा आठपट लांबवला तर काय होईल बघा. ठोका तेवढाच, नंतरची शांतता वाढली. ॲम्प्लिट्यूड स्पेक्ट्रम आठपट खाली येतो, पीएसडीही आठपट खाली येतो. स्थिर राहते ती एनर्जी स्पेक्ट्रल डेन्सिटी, जिच्यात वेळेने भागलेलंच नसतं. म्हणजे सिग्नलची जात ओळखायला व्याख्या आठवत बसण्यापेक्षा ही कसोटी सोपी: तुकड्याची लांबी बदला आणि कोणत्या मापात आकडा हलत नाही ते बघा. ॲम्प्लिट्यूडमध्ये हलला नाही तर रेषा, पीएसडीत हलला नाही तर पसरलेला नॉइज, एनर्जी डेन्सिटीत हलला नाही तर ट्रान्झिएंट.

एनर्जी-पॉवर या जोडीचं कोडंही यातच सुटतं. ज्याची एकूण ऊर्जा मर्यादित असते तो एनर्जी सिग्नल, ठोक्यासारखा. जो चालूच राहतो, ज्याची एकूण ऊर्जा मोजू गेलं तर अनंत पण सरासरी शक्ती मर्यादित, तो पॉवर सिग्नल. साइनही तसा आणि स्टेशनरी नॉइजही तसा. सतत चढत जाणारा रॅम्प दोन्हींत बसत नाही. तुम्ही म्हणाल, माझी फाइल 3.2 सेकंदांत संपते, मग तिची ऊर्जा मर्यादितच. बरोबर आहे, त्या हिशेबाने जगातली प्रत्येक फाइल एनर्जी सिग्नल ठरेल. म्हणून हा प्रकार फाइलचा नसतो. फाइल ज्या गोष्टीचा नमुना आहे त्या गोष्टीबद्दल आपण काय गृहीत धरलं आहे, त्याचा असतो. पंप चालूच राहणार आहे, तुम्ही त्यातले 3.2 सेकंद कापून आणलेत, म्हणून पॉवर.

सम-विषम ही जोडी रोजच्या कामात क्वचित लागते. कोणताही सिग्नल एक सम आणि एक विषम भाग मिळून बनतो, फूरिये गणितात त्याने हिशेब सोपा होतो, झालं. फक्त सम सिग्नल आणि सम हार्मोनिक यांची गल्लत करू नका. पहिल्यात शून्य क्षणाभोवतीचा आरसा आहे. दुसऱ्यात मूळ फ्रिक्वेन्सीच्या दोन, चार, सहा पटी आहेत, आणि त्या मोटरच्या करंटमध्ये दिसल्या तर लाटेचे वरचे आणि खालचे अर्धे सारखे नाहीत एवढाच अर्थ. कॉझल-नॉनकॉझल (उत्तर फक्त आतापर्यंतच्या इनपुटवर अवलंबून, की पुढच्याही) ही जोडी मूळची सिस्टिमची आहे. रेकॉर्ड झालेल्या फाइलवर फिल्टर पुढून मागे आणि मागून पुढे असा दोन्हीकडून फिरवता येतो, चालू मशीनच्या ट्रिप सर्किटमध्ये (धोका दिसताच मशीन बंद करणाऱ्या) नाही. तेवढं लक्षात ठेवा.

खरं मशीन बघताना मात्र या जाती सरमिसळ होऊन येतात, आणि बेअरिंगचा बिघाड हे त्याचं सगळ्यांत चांगलं उदाहरण. 6205 बेअरिंगमध्ये 9 बॉल असतात. आउटर रेसवर (बाहेरच्या कड्यावर) खड्डा पडला तर शाफ्टच्या एका फेरीत सुमारे 3.58 ठोके बसतात, तुमच्या मोटरच्या वेगाला सेकंदाला 88 च्या आसपास. एकेक ठोका स्वतंत्रपणे बघितला तर ट्रान्झिएंट आहे, बेअरिंगचं हाउसिंग काही हजार हर्ट्झवर क्षणभर झणझणतं आणि थांबतं. ठोक्यांची ओळ बघितली तर आवर्ती वाटते. पण बॉल किंचित घसरत असतात, त्यामुळे दोन ठोक्यांमधलं अंतर दर वेळी थोडं बदलतं, आणि तो बदल यादृच्छिक. याला सायक्लोस्टेशनरी म्हणतात: सिग्नल स्वतः आवर्ती नाही, पण त्याची शक्ती ठरावीक लयीत चढते-उतरते. साध्या स्पेक्ट्रममध्ये 88 हर्ट्झला बहुधा काहीच दिसत नाही, कारण ऊर्जा वर हजारो हर्ट्झवर आहे. म्हणून आधी वरचा पट्टा गाळून घेतात, त्याचा एन्व्हलप, म्हणजे लाटेच्या माथ्यांवरून जाणारी चढउताराची रेघ, काढतात आणि एन्व्हलपचा एफएफटी बघतात. तिथं 88 उभा राहतो.

हे स्वतः करून बघायचं असेल तर अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह युनिव्हर्सिटीचा बेअरिंग डेटा इंटरनेटवर मोफत आहे. मुद्दाम खड्डे पाडलेली बेअरिंग, सेकंदाला 12,000 आणि 48,000 सॅम्पल. तिथलं ड्राइव्ह एंडचं बेअरिंग 6205 याच मापाचं आहे. फक्त वेग 1797 ते 1720 आरपीएम आहे आणि मेन्स 60 हर्ट्झचं, तेव्हा आपले 50 आणि 100 तिथं शोधू नका. धडधाकट आणि खड्डा पडलेल्या फाइलची कर्टोसिस (सिग्नलमध्ये टोकाच्या किमती किती आहेत ते सांगणारा आकडा) काढून बघा. शुद्ध साइनची 1.5 येते, गॉसियन नॉइजची 3, आणि ठोके असलेल्या फाइलची 3 च्या बरीच वर. एका आकड्यात जात कळते. मात्र बिघाड वाढून सगळीकडूनच खडखडाट सुरू झाला की कर्टोसिस परत 3 कडे घसरते, म्हणून ती उतरली याचा अर्थ बेअरिंग बरं झालं असा घेऊ नका.

तुमच्या पंपासाठी सध्या एवढं करा. 3.2 सेकंदांचा एकच तुकडा पुरेसा नाही. लोड स्थिर असताना सलग एक-दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग घ्या, म्हणजे 3200 लाइन्सवरही सरासरीला पुरेसे तुकडे मिळतील. रेषांसाठी ॲम्प्लिट्यूड स्पेक्ट्रम आणि नॉइजसाठी पीएसडी असे दोन्ही छापा, आणि दोन्हींखाली सॅम्पलिंग रेट, लाइन्स, विंडो, सरासरीची संख्या लिहा. सिनिअरच्या आकड्याशी ताडायच्या आधी दोघांच्या सॉफ्टवेअरमध्ये उभा अक्ष आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) आहे की पीक (लाटेची कमाल उंची) हे बघून घ्या, नाहीतर 1.41 पटीचा फरक तिथूनच येतो. त्यानंतरही आकडे जुळले नाहीत तर ही सगळी माहिती आणि सेन्सर कुठं, कसा बसवला होता ते कळवा. मॅग्नेटवर होता की स्टडवर (स्क्रूने पक्का), हे विशेषतः. 2000 हर्ट्झच्या वरचं काही बघणार असाल तर मॅग्नेटची पकड रंगाच्या थरावर आहे की घासलेल्या लोखंडावर, यानेही आलेख बदलतो.